अनवाणी नऊ दिवस

कसबा बावडा, कोल्हापूर
दि. १८ ऑगस्ट २०२५

चि. विजयसिंह,

हे पत्र तुझे वडील गुंडू सखाराम वरुटे यांजकडून आहे. पाकिटावरील अक्षर तू ओळखले असशीलच. आपले बोलणे बंद झाले त्यास येत्या मार्गशीर्षात तीन वर्षे होतील. त्या विषयावर मी काही लिहिणार नाही. घरातील फोन तुझ्या आईच्या हाती असतो आणि तिच्या देखत मला बोलता येत नाही, म्हणून पत्र.

काम एकच आहे. सात सप्टेंबरच्या आत तू अर्ध्या दिवसाची रजा काढावीस आणि माझ्याबरोबर अंबाबाईच्या देवळात यावेस. खण, नारळ, तांदूळ मी आणीन. तुला केवळ उभे राहून ओटी भरावयाची आहे. कारण विचारू नये. आठ तारखेपासून पक्षपंधरवडा लागतो व त्या दिवसांत असले कार्य करीत नाहीत, म्हणून ही मुदत घातली आहे. कागलहून बावड्यास यावयास तुला पाऊण तास लागेल. अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ मी मागत नाही.

माझी प्रकृती उत्तम आहे. डाव्या टाचेत किरकोळ दुखणे आहे, ते वयोमानाने असावे. तुझी आई फोनवर तुला याबाबत काही वाढवून सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नये. ती तुला फोन करते हे मला ठाऊक आहे. मी घरामागे परड्यात गेलो की ती करते, म्हणून मी परड्यात जातो.

उत्तर एका ओळीचे चालेल.

तुझा पिता,
गुंडू सखाराम वरुटे


कसबा बावडा
दि. १० सप्टेंबर २०२५

चि. विजयसिंह,

उत्तर आले नाही. मुदत संपली. मी तुला दोष देत नाही. मात्र आता काही गोष्टी कळविणे भाग आहे.

टाचेचे दुखणे किरकोळ नाही. ते होळीपासून आहे. दिवसा चालताना ते कमी होते, त्यामुळे कोणास कळत नाही. खरे दुखणे सकाळच्या पहिल्या पावलाचे आहे. टाचेखाली खिळा ठोकल्याप्रमाणे कळ येते ती गुडघ्यापर्यंत जाते. मी पलंगाच्या कडेवर बसतो आणि फरशीकडे पाहतो. एकतीस वर्षे मी फौंड्रीत ओतकाम केले, वितळलेले लोखंड हाताच्या अंतरावरून वाहताना पाहिले, तेव्हा भय वाटले नाही. आता मला फरशीचे भय वाटते. जून महिन्यात एके सकाळी मी न्हाणीघरापर्यंत रांगत गेलो. तुझ्या आईने पाहिले. तिने न्हाणीघरात माझ्यासाठी स्टूल ठेवले, यावरून मला समजले की प्रकरण गंभीर आहे.

तिनेच मला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी फोटो काढला, अंगठ्याने टाच दाबली, मी ओरडलो नाही. त्या म्हणाल्या, "आजोबा, ओरडा की, त्याशिवाय मला जागा कशी कळणार?" टाचेपासून बोटांपर्यंत तळपायात एक जाड पडदा असतो, तो सुजला आहे. झोपेत तो आखडतो आणि सकाळी उभे राहताच ताणला जातो. बरे होते, परंतु सहा महिने लागतात, कोणास वर्षही लागते. भिंतीस हात टेकून पोटरी ताणावयाची. पलंगावरून उठण्याआधी टॉवेल चवड्यात अडकवून ओढावयाचा. बाटलीत पाण्याचे बर्फ करून तिच्यावर पाऊल फिरवावयाचे. हे सर्व मी करतो. तुझ्या आईचे शब्द जसेच्या तसे लिहितो, मी सुधारले असे तू म्हणू नयेस. "बाटली फिरवा म्हटलंय, तिच्याकडं डोळं वटारून बघा म्हटलं न्हाय. बरफ काय तुमच्या भट्टीवरचा गडी हाय व्हय?"

परंतु शेवटची सूचना अशी की, अनवाणी एकही पाऊल टाकावयाचे नाही. घरातही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात पडदा फाटला तर पुन्हा नीट चालता येईल याची हमी त्या देणार नाहीत.

येथे मला ती गोष्ट लिहावी लागते, जी मी कोणास सांगितलेली नाही. केवळ तुझ्या आईस ठाऊक आहे.

सन १९८२ च्या उन्हाळ्यात तू तीन वर्षांचा होतास. तुला मेंदूचा ताप झाला. दवाखान्यात तू चार दिवस डोळे उघडले नाहीस. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले की नातेवाइकांस बोलावून घ्या. मी नातेवाइकांस बोलाविले नाही. मी देवळात गेलो आणि बोललो की, माझे पोर परत दे, मी जिवंत असेपर्यंत दर नवरात्रात नऊ दिवस पायात काही घालणार नाही, आणि रोज पहाटे बावड्यातून तुझ्या दारापर्यंत चालत येईन. मी परतलो तेव्हा तू पाणी मागत होतास.

तेव्हापासून त्रेचाळीस नवरात्रे झाली. एकही दिवस चुकला नाही. फौंड्रीत अनवाणी उभे राहणे म्हणजे वेडेपणा, म्हणून मालक त्या नऊ दिवसांत मला भट्टीपासून दूर, कोअरच्या खोलीत, म्हणजे साच्यांचे वाळूचे गाभे करण्याच्या जागी, काम देत. त्यांनी कधी कारण विचारले नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंत, पण खात्यातील सर्वांचे रजेचे अर्ज मी लिहीत असे. या एका गोष्टीचा अर्ज मात्र मी कोठेही केला नाही.

नवस ज्याच्यासाठी बोलला त्यास सांगू नये असे म्हणतात. तो नियम मी आज मोडला आहे. नाइलाज होता. माझा भट्टीवरील सोबती पिराजी, त्याच्या नव्वदीच्या आत्याबाईंना मी विचारले की असा नवस उतरविता येतो काय. त्या म्हणाल्या, "ज्याच्यासाठी बोललास त्यानं सोता देवीपुढं हुबं ऱ्हाऊन ओटी भरली, तर फिटतो. न्हाईतर न्हाय." म्हणून मी तुला बोलाविले होते.

बावीस तारखेस घटस्थापना आहे. यंदा तिथी वाढल्याने नवरात्र दहा दिवसांचे आहे. त्या पहाटे तू आला नाहीस तर मी नेहमीप्रमाणे चालणार.

गुंडू सखाराम वरुटे


कसबा बावडा
दि. २४ सप्टेंबर २०२५, तिसरी माळ

चि. विजयसिंह,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवीत आहे. मिळताच पुढील गोष्टी पाळाव्यात. दसरा होईपर्यंत मोटारसायकल चालवू नये. कंपनीच्या बसने जावे. प्रेस मशीनजवळ उभे राहू नये, साहेबांस सांगून कागदाचे काम मागून घ्यावे. रंकाळ्यावर, नदीवर जाऊ नये. ताप आल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जावे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. सूनबाई अनुजास हे पत्र दाखवावे. माझे ती ऐकणार नाही, पण तुझ्यासाठी ती ऐकेल.

कारण असे की नवस मोडला आहे.

पहिल्या दिवशी मी पूर्ण चाललो. दुसऱ्या दिवशीही चाललो, परंतु घरी परतल्यावर पाऊल टेकवेना. तुझी आई म्हणाली, "नऊ बोलला हुतासा नव्हं? औंदा दहा हायती. एक दिस वरचा हाय. तो आजचा म्हणून काढून टाका, आज घरात बसा." मी सांगितले की हा बाजार नव्हे. ती म्हणाली, "मग मीच जाते तुमच्या जागी." तेही मी मान्य केले नाही.

आज पहाटे पिराजी बरोबर होता. पिराजी माझ्याबरोबर एकवीस वर्षे भट्टीवर होता, त्याला माझी चाल ठाऊक आहे. वाटेतील पितळी गणपतीच्या देवळापुढे गेल्यावर टाचेत काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि मी रस्त्यावर बसलो. माणसे जमली. तेथे फुलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका बाईच्या रबरी चपला माझ्या पायात चढविण्यात आल्या व मला रिक्षात घालण्यात आले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की पडदा फाटलेला नाही, पण सूज दुप्पट आहे. आणखी दोन दिवस मी चाललो असतो तर तो फाटला असता, असे त्या म्हणाल्या.

म्हणजे त्रेचाळीस वर्षे आणि दोन दिवस झाले.

आता दुसरी गोष्ट. पहिल्या पत्रात मी म्हटले होते की त्या विषयावर लिहिणार नाही. लिहितो. तू न विचारता फौंड्री सोडून कागलला पंचतारांकित एमआयडीसीत गेलास, आणि मालकांपुढे मी तुझ्यासाठी टाकलेला शब्द वाया गेला, याचा मला संताप होता. तुझ्या सासू-सासऱ्यांच्या देखत, ताटावर बसलेले असताना, मी तुला म्हणालो, "तेव्हाच गेला असतास तर बरे झाले असते." तू ताटावरून उठलास. अनुजाने तुझे ताट झाकून ठेवले, ते दुसऱ्या दिवशी गुरांना घातले.

हे वाक्य तू एकट्याने ऐकले नाही. ज्या देवीकडून मी तुला मागून आणले तिनेही ते ऐकले. माझ्या भयाचे मूळ तेथे आहे. इतकी वर्षे मी पावले मोजून चालत होतो म्हणून ती गप्प होती असे मला वाटते. आज पायात चपला आल्या. आता तिला त्या वाक्याची आठवण होईल.

पत्र पोहोचल्याचे आईस फोनवर कळवावे.

गुंडू सखाराम वरुटे


कसबा बावडा
दि. २७ सप्टेंबर २०२५

चि. विजयसिंह,

तुझा फोन कालपासून बंद आहे. अनुजाचाही लागत नाही. तुझ्या आईने सकाळपासून अकरा वेळा लावला. ती म्हणते चार्जिंग संपले असेल. असे म्हणून ती पुन्हा लावते.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, बरोबर घेऊन येणार आहे. उद्या रविवार. पिराजीने रिक्षा सांगितली आहे. दार उघडले नाही तर ते फटीतून आत सारीन.

एक गोष्ट मी मागील पत्रात खोटी लिहिली. चपला माझ्या पायात कोणी चढविल्या नाहीत. पिराजी तर म्हणत होता, "गुंडूदा, पाठुंगळी घेतो तुला, बावड्यापतोर न्हेतो, चपल नगं." मीच त्या बाईकडे हात केला. मीच म्हणालो, "बाई, तुमच्या चपला द्या." कळ इतकी होती की त्या क्षणी मला तू आठवला नाहीस. मला फक्त टाच आठवली. ज्याच्यासाठी चालत होतो तोच विसरला गेला, याहून अधिक मी काय लिहू?

मी एकदा टाकलेला शब्द कधी मागे घेतलेला नाही. फौंड्रीत सर्वांस हे ठाऊक होते. ताटावर म्हटलेले ते वाक्य मी मागे घेतो. पूर्ण मागे घेतो. ते माझे नव्हते असे म्हणणार नाही. माझेच होते, आणि ते चुकीचे होते.

तू जिवंत असशील तर एवढे वाचून पुरे.


कसबा बावडा
दि. ३ ऑक्टोबर २०२५

चि. विजयसिंह,

तू सोमवारी जेवून गेलास, तरी हे लिहितो, कारण समोर बसून मला जे बोलता आले नाही ते बरेच आहे.

रविवारी सकाळी मी काठी घेऊन उंबऱ्यात उभा होतो, रिक्षा दारात होती, आणि तू मोटारसायकलवरून आलास. माझ्या तोंडून पहिले शब्द आले, "मोटारसायकलवरून का आलास?" तू म्हणालास, "मग काय उडत येऊ, अण्णा?" पिराजी हसला. मला हसू आले नाही. फटीतून सारावयाचे पत्र मी तुझ्या हातात दिले.

तू सांगितलेस की पहिली दोन पाकिटे तू फोडलीच नव्हती. "तुमचं अक्षर बघितलं की फोडायला नगं वाटायचं. परत कायतरी ऐकवलं असंल म्हणून ड्रॉवरमधी टाकली." स्पीड पोस्टाला सही लागते म्हणून तिसरे हातात आले, आणि मग तिन्ही एका बैठकीत वाचून तू फोन बंद केलास. अनुजाचाही करायला लावलास, कारण तुला कोणाशीच बोलवेना. मी तुझ्यावर रागावलो नाही. दोन दिवस काय असतात हे मात्र तुला सांगून ठेवतो. ते त्रेचाळीस वर्षांहून मोठे होते.

आणि मग तू जे म्हणालास ते येथे लिहून ठेवतो. तू म्हणालास, "तेव्हाच गेला असतास म्हणजे कधी, हेच मला कळलं न्हवतं, अण्णा. मला त्या आजाराचं कुणी सांगितलंच न्हाय. मला वाटलं, मी जल्माला आलो तेव्हाच." तीन वर्षे तू असे समजून राहिलास! तुला वाचविल्याची गोष्ट मी लपविली आणि तुला मारणारी तेवढी सांगितली.

तुझ्या आईने त्या वेळी चहा आणून आदळला आणि म्हणाली, "दोघं मिळून देवीला फुकट बदनाम करायलाय. ती बया कुणाच्या चपला मोजत बसतीया व्हय? पोरगं पाणी मागत हुतं म्हणून पाणी पाजलं ते मी. आल्यावर ह्येंनी नारळ फोडला." तू हसलास. तिचा मुद्दा मी अद्याप मान्य केलेला नाही, परंतु तो नोंदवून ठेवतो.

सोमवारी देवळात जे झाले त्याबद्दल. डॉक्टरीणबाईंनी आत टाचेची गादी घातलेले जाड मोजे घालण्यास परवानगी दिली होती. देवीपुढे मोजे घालून उभे राहणे मला लाजिरवाणे वाटत होते. तू कोठून आणलेस ठाऊक नाही, पण तूही तसलेच राखाडी मोजे घातलेस, एवढ्या उकाड्यात. रांगेतील एका पोरीने विचारले, "काका, थंडी वाजतीया काय?" तू म्हणालास, "घराण्याची पद्धत हाय आमच्या." देवळाच्या रांगेत खोटे बोलू नये, एवढे तुला सांगणे माझे कर्तव्य आहे.

तू ओटी भरलीस. हात जोडून तू काय म्हणालास ते मला ऐकू आले नाही, मी विचारणारही नाही. नवस फिटला असे आत्याबाईंचे मत. तुझी आई म्हणते, "आता तरी निजा सुखानं."

मी सुखाने झोपलो नाही. खरे सांगतो, भय कमी झाले नाही, वाढले आहे. इतकी वर्षे तुझ्यासाठी करण्याजोगे काहीतरी माझ्या हातात होते. पाय होते. पायांत काटे मोडत, फोड येत, आणि मला वाटे, चला, आणखी एक वर्ष त्याचे झाले. आता माझ्या हातात काही नाही. तू मोटारसायकलवर जाशील, मशीनजवळ उभा राहशील, आणि मी मोजे घालून बाटलीवर पाऊल फिरवीत बसेन. याची सवय मला नाही. ती कशी करतात हे तुला ठाऊक असेल तर सांगावे.

आठवड्यातून एकदा फोन करावा. आईस नव्हे, मला. मी परड्यात जाणार नाही.

तुझा,
अण्णा


कसबा बावडा
दि. ११ जानेवारी २०२६, रविवार

चि. विजयसिंह,

सविस्तर असे लिहिण्याजोगे काही नाही. टाच पुष्कळ सुधारली आहे. डॉक्टरीणबाईंच्या मते बारा आण्यांचे काम झाले आहे, उरलेले चार आणे मी व्यायाम चुकविला नाही तर होळीपर्यंत होतील. मी चुकवीत नाही. चिकाटी कोणाची म्हणून त्यांनी विचारले, तुझ्या आईने लगेच स्वतःचे नाव सांगितले.

आज सकाळी मी पलंगावरून उठलो, न्हाणीघरात गेलो, परड्यातील तुळशीस पाणी घातले, चहा घेण्यास बसलो. अर्धा कप झाल्यावर माझ्या लक्षात आले की टाच दुखली नाही. ती दुखेल की काय, याचा विचारही पाय खाली ठेवताना मनात आला नव्हता. दहा महिन्यांत असे प्रथमच झाले. मला मोठा आनंद झाला.

आणि लगेच भीती वाटली. कारण पहिल्या पावलाबरोबर मी रोज तुझी आठवण काढतो, नवस असताना काढत असे आणि आताही काढतो. आज ती काढली नव्हती. मॅट्रिक झालेल्या माणसाने शहाणपणाने विचार केला असता. मी चौथीचा. मी फोन हातात घेतला. तुझ्या आईने तो काढून घेतला. "झोपू द्या की पोराला. आयतवार हाय."

मी फोन ठेवला. चहा निवला. साडेसात वाजले, आठ वाजले. मी खिडकीतून रस्त्याकडे पाहत होतो आणि प्रत्येक मोटारसायकल मला तुझी वाटत होती, व प्रत्येक वेळी ती तुझी नाही, म्हणजे तू रस्त्यावर नाहीस, याचा मला आधार वाटत होता. नऊ वाजता फोन वाजला. तू म्हणालास, "अण्णा, सहज केला. काय चाललंय?"

मी म्हणालो, "काही नाही. विशेष काही नाही."

ते खरे नव्हते. म्हणून हे पत्र.

अण्णा